काटकसर कोणाच्या जिवावर?

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. पूर्वी विळा, कोयता, कुऱ्हाड धुऊन पाटावर मांडीत. आता त्यांच्या शेजारी पाना, पकड आणि जॅकही येऊन बसले आहेत, आणि दाराशी मोटारीच्या बॉनेटवर झेंडूची माळ चढते. पूजा करणाऱ्याच्या मनात श्रद्धा असते यात शंका नाही. परंतु ज्या मोटारीला आपण कुंकू लावतो, तिच्या पोटाखाली डोके घालून पाहणारा माणूस शंभरांत एखादाच. पूजा वरून होते. मोटार मात्र खालून झिजते.

खाली पाहणाऱ्या त्या थोड्या माणसांविषयी मला लिहायचे आहे. नवी मोटार घेण्याची ऐपत नाही, जुनी टाकवत नाही, आणि दर वेळी गॅरेजचे बिल भरायचे म्हटले तर किराण्याच्या पैशांना हात लागतो, अशा बेताच्या प्राप्तीच्या लोकांचा आमचा मोठा समाज आहे. आमच्या इस्लापूरकडे बहुतेक मोटारी येतात त्याच मुळी उतारवयात. पुण्याकडच्या किंवा हैदराबादकडच्या कुणीतरी गाडीची उमेद वापरून टाकलेली असते; मग ती नांदेडच्या बाजारात येते आणि तिथून भोकर, हिमायतनगर करीत पैनगंगेच्या खोऱ्यात उतरते. माझी मारुती आठशे २००३ सालची. ही गाडी १९८३ साली बाजारात आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी तिची सगळ्यांत धाकटी बहीणही दहा वर्षांच्या पुढची आहे. तीन सिलिंडरचे इंजिन समजायला सोपे, सुटे भाग अजून मिळतात, आणि हातात पाना धरता येणारा माणूस बरेचसे काम अंगणातच उरकू शकतो. तेव्हा उरकावे की नाही?

वरवर पाहता हा प्रश्न नीतीचा नव्हे, हिशेबाचा आहे. काटकसर हा सद्गुण, स्वावलंबन हा त्याहून मोठा सद्गुण. दोन्ही एकाच पान्याने साधत असतील तर विचार कसला करायचा? मलाही बराच काळ असेच वाटत असे.

पहिली अडचण हाताची. शाळेत शिकवणारा माणूस रविवारी मोटारीखाली उताणा निजलेला दिसला की येणारा-जाणारा थबकतो. “सर, हे काय तुमचं काम आहे का? गॅरेजच्या पोराला बोलवायचं ना!” यात आदर असतो, आणि त्या आदराच्या पोटात एक जुना हिशेबही असतो. अक्षर ओळखणाऱ्याने हात काळे करायचे नाहीत, आणि ज्याचे हात काळे त्याला अक्षराची गरज नाही. आपल्या गावगाड्याने लोहार-सुताराला बलुते दिले, पण ओसरीवर बरोबरीची जागा दिली नाही. बैलगाडीच्या चाकावर तापलेली लोखंडी धाव बरोबर बेतून बसवणे हे त्रैराशिकाहून सोपे नाही. तरी त्रैराशिक येणाऱ्याला आपण मास्तर म्हटले आणि धाव बसवणाऱ्याला अरे-तुरे केले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये रेखाटन शिकवणारे शिक्षक होते. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान बेळगावात निघाले. पुढे त्याच हातांनी नांगर घडवले. त्यांनाही कुणीतरी ‘हे आपले काम आहे का’ म्हणून विचारले असेलच.

म्हणून स्वतः दुरुस्ती करण्याच्या बाजूने माझे पहिले म्हणणे पैशाचे नाहीच. गंजलेला एक बोल्ट अर्धा तास झुंजला, पाना सटकून बोटाची सालडी निघाली, की गॅरेजची मजुरी महाग वाटेनाशी होते. घासाघीस करणारी जीभ आपोआप आवरते. कारागिराचा मान राखावा हे धड्यात शिकवून मुलांना जेवढे पटत नाही, तेवढे त्या एका बोल्टने मला पटवले.

प्लग साफ करणे, हवेचा फिल्टर आणि इंजिनचे ऑईल बदलणे, बॅटरीच्या टोकांवर साचलेला क्षार गरम पाण्यात सोडा घालून धुणे, वायपरची रबरे, दाराची बिजागरी, सीटची कव्हरे, ही कामे सावध माणूस शिकू शकतो. (गाडीखाली शिरताना मात्र नुसत्या जॅकवर विसंबू नये, आणि विटांवर तर मुळीच नाही. वीट फुटण्यापूर्वी सूचना देत नाही. लोखंडी घोडी मिळते, ती लावावी.) यांतले एखादे काम फसले तर काय होईल? गाडी सुरू होणार नाही. किनवटच्या रस्त्यावर भर उन्हात पळसाखाली तासभर बसावे लागेल, घरची मंडळी चार शब्द ऐकवतील. करणारा आणि भोगणारा एकच. इथे काटकसर निर्मळ आहे.

मिलिंद राजाला भिक्खू नागसेनाने विचारले होते, रथ म्हणजे नेमके काय? आस, चाके, जू, दांडी, की हे सगळे मिळून? माझ्या गाडीचे इतके भाग बदलून झाले आहेत की हा प्रश्न मलाही विचारता येईल. सरकारने त्याचे उत्तर चॅसिसवर आकडा कोरून देऊन टाकले आहे आणि तेवढ्यावर व्यवहार भागतो. मला दुसराच प्रश्न छळतो. आर. सी. बुकावर नाव माझे असले, तरी या गाडीतला कोणता भाग माझा आणि कोणता माझा नव्हे?

शेत माझ्या मालकीचे असेल. बांधावरची बाभूळ माझी, विहीर माझी. पण शेतातून जाणारी वहिवाट मला नांगरता येत नाही. मोटारीतली वहिवाट म्हणजे ब्रेक. त्याचे पैसे मी देतो. परंतु तो समोरून शाळेला निघालेल्या पोराचा आहे, शेतातून भारा घेऊन परतणाऱ्या बाईचा आहे, वळणावर बसलेल्या म्हशीचासुद्धा आहे. आमचे गॅरेजचे उस्ताद हेच दोन वाक्यांत सांगतात: “इंजिन फेल झालं तर गाडी थांबते, सर. ब्रेक फेल झाला तर थांबत नाही.”

मारुतीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम. मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरची रबरे जुनी झाली की ब्रेक ऑईल थेंबाथेंबाने पाझरून लायनरवर उतरते, आणि तेलकट लायनर पकडत नाही. ही रबरे महाग नसतात. पण ती डोळ्यांआड असतात, आणि आपली काटकसर नेहमी डोळ्यांआडच्या वस्तूंवर आधी हात टाकते. सीटचे कव्हर फाटले तर पाहुणे पाहतात. सिलिंडरचे रबर कोण पाहतो? ब्रेक ऑईलचा आणखी एक स्वभाव आहे: ते हवेतला ओलावा शोषते. ओलावा शिरला की ते कमी उष्णतेला उकळते. सपाट रस्त्यावर हे वर्षानुवर्षे कळत नाही. मग एखाद्या दिवाळीच्या सुटीत मंडळींना घेऊन आपण माहूरगडावर जातो, रेणुकामातेचे दर्शन घेतो, आणि उतरताना पेट्रोल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलवर टाकून ब्रेकवर पाय ठेवून येतो. चाकांशी उष्णता साचते, नळीतले ऑईल उकळून वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण दाब पुढे पोचवीत नाही. पायाखालचा ब्रेक भिजल्या कापसासारखा खाली जातो. दुसऱ्या गिअरात उतरणाऱ्याला इंजिनच धरून ठेवते. ऑईल दोन वर्षांनी बदलणाऱ्याला ते ऑईलही दगा देत नाही. दोन्ही ठिकाणी वाचवलेला पैसा किती, याचा हिशेब ज्याने त्याने करून पाहावा.

मग ब्रेकला घरी हात लावूच नये काय? तसे मी म्हणत नाही. ब्रेकच्या नळीतली हवा काढणे हे दोन माणसांचे काम आहे. एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने चाकाशी निपल सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पाहायचे. घरातला मुलगा हे उत्तम शिकतो, आणि शिकावेही. परंतु पहिल्या वेळी जाणत्याच्या देखरेखीखाली करावे आणि नंतरही जाणत्या हाताकडून एकदा तपासून घ्यावे. आपल्याला आले असे वाटणे आणि येणे यांतले अंतर प्लगच्या बाबतीत चालून जाते. इथे ते कुणीतरी दुसराच भरून काढतो.

टायरचेही असेच. मालमोटार चालवणारे लोक फार शिकलेले नसतात, पण रिमोल्ड टायर मागे घालावा, पुढे नवा असावा, हा नियम ते पाळतात. पुढचे चाक फुटले तर गाडी कोणाच्या अंगावर जाईल हे त्यांना ठाऊक असते. आम्ही सुशिक्षित मात्र जुन्या बाजारातला ‘नक्षी चांगली आहे’ असा टायर स्वस्तात आणतो. नक्षी न झिजताही रबर म्हातारे होते. टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात. २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. वाचता येणाऱ्याने निदान एवढे वाचावे.

गाडी ‘सुधारण्याचा’ शौक तर दुरुस्तीपेक्षाही तपासून पाहण्यासारखा आहे. जुन्या गाडीचे दिवे मंद वाटतात म्हणून हौशी माणूस हॅलोजन काढून त्याच खोबणीत पांढराफेक एलईडी बसवतो. दिव्यामागचा आरसा जुन्या बल्बच्या तारेसाठी घडवलेला. नवा उजेड तो नीट गोळा करीत नाही, चहूकडे उधळतो. मालकाला वाटते, वा, काय उजेड पडला! समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला काहीच दिसत नाही. पिवळी पडलेली काच पॉलिश करून घेणे, दिव्याचा रोख खाली बसवणे, वायरीची गंजलेली टोके घासणे, यात पैसा कमी लागतो आणि उजेड पुष्कळ वाढतो. पण त्यात मिरवण्यासारखे काही नाही. इंजिनचे काळे ऑईल ओढ्यात ओतणारा आणि हा दिवेवाला एकाच जातीचे. आपली सोय झाली की गोष्ट संपली, असे दोघेही धरून चालतात.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला खोडता येत नाही. शहरातले शहाणे लोक सांगतात, जुनी गाडी धोक्याची, मोडीत काढा. आमच्याकडे ती मोडीत काढली तर तो माणूस नव्या मोटारीत बसत नाही. तो मोटारसायकलवर बसतो, पुढे एक मूल, मागे बायको आणि तिच्या मांडीवर दुसरे. नाहीतर काळीपिवळी जीपच्या मागच्या फळीला लोंबकळतो. पत्रा गंजलेली का होईना, चार चाकांची मोटार त्याच्या लेकरांना पावसापासून आणि डांबरी रस्त्यावर आपटण्यापासून वाचवते. गरिबाला सुरक्षिततेचा उपदेश करताना त्याच्यापुढे दुसरी वाट कोणती, हे आधी पाहिले पाहिजे. सरकारनेही ते फारसे पाहिलेले दिसत नाही. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारीसाठी २०२५ साली ते १०,००० करण्यात आले. त्या दहा हजारांत टायरही येतात आणि ब्रेकही नवे होतात. मुंबईत वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ रोजी पद्मिनी टॅक्सीचा काळ संपला. त्या दिवशी हळहळणाऱ्यांत मीही होतो. गाडीचे वय मोजणे सोपे आहे, ब्रेक तपासणे कष्टाचे.

पण हा आक्षेप मान्य केल्यानेही वहिवाट माझी होत नाही. लेकरांना पावसातून वाचवण्याचा माझा हक्क खरा; त्यासाठी दुसऱ्याचे लेकरू पणाला लावण्याचा हक्क त्यातून निघत नाही. पैसे कमी असले तर मग क्रम बदलावा लागतो. रंग राहू द्यावा, गाणी वाजवणारे यंत्र राहू द्यावे, आणि अगदीच जमत नसेल तर चार महिने गाडी दारात उभी राहू द्यावी. उभी गाडी पाहून लोक हसतात हे खरे.

सगळ्यांत अवघड जागा शेवटी येते, गाडी विकताना. आपण केलेल्या दुरुस्त्या आपल्याला ठाऊक असतात. कोणती पक्की, कोणती ‘चालून जाईल’ अशी. सडलेल्या पत्र्यावर लांबी भरून रंग मारला की गिऱ्हाईकाला तो पत्राच वाटतो. घेणारा आपल्यापेक्षाही बेताचा माणूस असतो, कारण गाडी नेहमी उताराकडेच जाते. माझ्याजवळ एक शंभरपानी वही आहे; काय बदलले, केव्हा, नवे की जुन्या बाजारातले, कोणी तपासले, असे तारखेनिशी लिहिलेले. चालकाच्या पायाखालचा पत्रा सडल्याने पट्टी जोडली आहे, हेही त्यात आहे. नांदेडचा दलाल वही चाळून म्हणाला, “सर, ही गिऱ्हाईकाला दाखवू नका, पाच हजारांनी भाव उतरेल.” त्याला बाजार कळतो, तो म्हणतो तेवढा उतरेलच. वही मी गाडीच्याच कप्प्यात, कागदपत्रांबरोबर ठेवली आहे.