गोळीचा बांध

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात टिकल्यांच्या पिस्तुलाची गोष्ट निघाल्यावाचून राहत नाही. आम्ही भाऊ दोघे आणि पिस्तूल एक. एक टिकली उडवली की ते दुसऱ्याच्या हाती द्यायचे, असा वडिलांनी घालून दिलेला नियम होता. तो मी मोडत असे आणि धाकटा भोकाड पसरत असे. टिकल्या संपल्या म्हणजे मग गलोल. गावाबाहेरच्या गायरानात फड्या निवडुंगाच्या लालभडक बोंडांवर आम्ही नेम धरीत असू.

अशाच एका संध्याकाळी माझा नेम चुकला आणि खडा निवडुंगामागे चरणाऱ्या एका म्हातारीच्या शेळीच्या डोळ्यावर बसला. मारला मी, पळालो दोघे. रात्री वडिलांनी आम्हांला म्हातारीच्या दारात नेऊन उभे केले. शेळीची पुरी किंमत तिच्या पदरात टाकली आणि शेळीही तिच्याकडेच राहू दिली. परत येताना मी पुटपुटलो, "गायरान काय तिच्या बापाचं हाय?" वडील चालता चालता थांबले. म्हणाले, "गायरान सगळ्यांचं हाय, म्हंजे तिथं कुणी न्हाई असं न्हवं. तिथं सगळी हाईत."

हे बोलणे मी तीस-पस्तीस वर्षे विसरून गेलो होतो. यंदा श्रावणात धाकट्याचे पत्र आले आणि ते पुन्हा कानांत घुमू लागले.

मी मॅट्रिक होऊन थांबलो, गावच्या शाळेत मास्तर झालो आणि रात्री दिव्याखाली कादंबऱ्या लिहू लागलो. धाकटा शिकत गेला, इंजिनीअर झाला, अमेरिकेत गेला आणि आता ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहरी, तिथला नागरिक होऊन राहिला आहे. बोंडांवरचा नेम मात्र त्याने सोडला नाही. शनिवारी बंदूक घेऊन तो रानात जातो आणि कागदी चक्रांवर, लोखंडी पत्र्यांवर गोळ्या झाडतो. जिवंत प्राण्यावर त्याने कधी बंदूक रोखली नाही. शेळीचा डोळा त्यालाही आठवत असावा. पत्रात त्याने लिहिले होते, "दादा, माझ्या वाट्याची जमीन विकायची म्हणतो. वाटणीपत्रावर तुझी सही लागेल. त्या पैशांत इथे चाळीस एकर रान घेतो. निवांत नेमबाजी करता येईल."

भोगावतीकाठची आमची उसाची जमीन ती केवढी! त्याच्या वाट्याला फार तर ऐंशी गुंठे येतील. पण ते गेले की गेलेच. आपल्या कायद्याप्रमाणे परदेशी नागरिक झालेल्याला वारशाची शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. महाराष्ट्रात तर शेतकरी नसलेल्या इथल्या माणसालाही ती सहसा घेता येत नाही. म्हणजे आज विकलेला गुंठा उद्या पश्चात्ताप झाला तरी त्याच्या हाती परत येणार नाही. तिकडे मात्र चाळीस एकर घेणाऱ्याला, "तू कधी नांगर धरला होतास का?" असे कुणी विचारीत नाही.

वाचक म्हणतील, हा तुमच्या घरचा मामला. तो दिवाळीच्या फराळाबरोबर आम्हांला कशाला वाढता? पण सहीसाठी लेखणी उचलली आणि मला एका प्रश्नाने अडवले. जे रान सगळ्यांचे आहे आणि सगळ्यांना मोकळे आहे, ते सोडून माणसाने आपल्या खेळापुरते वेगळे रान विकत घ्यावे काय? हा प्रश्न एकट्या धाकट्याचा नाही. माझाही निघाला.

ते सगळ्यांचे रान मी पाहिले आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत तीन आठवडे मी धाकट्याकडे होतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडे सरकारी जमीन किती असावी? एकट्या भूव्यवस्थापन खात्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक. वनखात्याकडे आणखी १९.३ कोटी एकर. मनाई केलेली ठिकाणे सोडली तर यांतल्या बऱ्याच जमिनीवर कुणीही जाऊन नेमबाजी करावी. नियम थोडे आणि सरळ. राष्ट्रीय जंगलात घरापासून, तळापासून वा माणसांचा वावर असलेल्या जागेपासून १५० यार्डांच्या आत गोळी झाडायची नाही; रस्त्यावरून पलीकडे झाडायची नाही; आपला कचरा आपण उचलायचा. शिवाय १९३७ सालापासून तिथे बंदुकांवर आणि काडतुसांवर एक कर आहे, लांब बंदुकीवर ११ टक्के. त्याचा पैसा वन्यजीवांच्या रक्षणासाठी आणि नेमबाजीच्या मैदानांसाठी जातो. धाकटा अभिमानाने म्हणाला, "दादा, या रानाचा शेतसारा मीही भरतो."

पहाटे आम्ही डोंगराच्या पायथ्याशी पोहोचलो. प्रथम दिसले ते सवारो निवडुंग. आपल्या फड्या निवडुंगाचे हे थोरले चुलते. तीस-चाळीस फूट उंच, हात वर करून उभे. या झाडाला पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात, कधी त्याहूनही अधिक. दीडशे-दोनशे वर्षे ते जगते. त्या भागातले मूळ रहिवासी तोहोनो ओओधाम लोक त्याची फळे काढतात आणि त्याला मान देतात. मी जवळ गेलो. एका सवारोच्या अंगावर छातीच्या उंचीला गोळ्यांची भोके होती, कडा वाळून तपकिरी झालेल्या. खाली पाहिले तर रिकाम्या काडतुसांचा सडा, फुटक्या बाटल्या, आणि चाळणी झालेला एक दूरदर्शन संच. नेम धरण्यासाठी कुणीतरी तो घरून आणला होता आणि तिथेच टाकून गेला होता.

याच ॲरिझोनात १९८२ साली एका माणसाने असाच एका सवारोवर गोळ्यांचा मारा केला. ते झाड त्याच्याच अंगावर कोसळले आणि तो मेला. ही गोष्ट तिकडे हसत सांगतात. मला हसू आले नाही. टूसॉनच्या वायव्येला आयर्नवुड फॉरेस्ट नावाचे राखीव रान आहे. तिथे २०१३ साली नेमबाजीवर सरसकट बंदी आली. उच्छाद मांडला थोड्यांनी आणि वाट बंद झाली सगळ्यांची.

धाकट्याची बाजू इथे उभी राहते आणि ती खोटी नाही. तो म्हणाला, "इथं माझ्या मागं कोण बंदूक घेऊन उभा राहील याचा भरवसा नाही. स्वतःचं रान असलं की मी मातीचा उंच बांध घालीन, गोळ्या त्यातच रुततील. शिसं वेचीन. एक काच पडू देणार नाही." हे ऐकून कुणाला वाटणार नाही, की घेऊ द्यावे याला रान? आपल्या घरचे अंगण माणूस झाडतो, चावडीपुढचे झाडीत नाही. मालकी आली की निगा येते, हा अनुभव आहे.

पण मी मास्तर. त्या रात्री मी पाटीवरचे गणित मांडले. चाळीस एकरांचा चौकोनी तुकडा म्हणजे एका बाजूला पाव मैल. मध्यभागी उभे राहिले तर बांध अवघा २२० यार्डांवर. आणि अगदी छोट्या, २२ बोअरच्या बंदुकीची गोळी वर रोखून झाडली तर दीड मैलापर्यंत जाऊ शकते. मग ती गोळी सर्व बाजूंनी आपल्याच जमिनीत पडावी म्हणून किती एकर लागतील? सुमारे साडेचार हजार! धाकट्याने खूप हिशेब करून जे घ्यायचे ठरवले आहे, ते त्याच्या सर्वांत लहान गोळीलाही पुरणार नाही. जमीन विकत घेतली तरी मातीचा बांध घालायला हवाच, आणि बांध नीट घातला तर सरकारी जमिनीच्या कोपऱ्यातही गोळी तितकीच मुकाट्याने थांबते. खरेदीखताने गोळी थांबत नाही.

आगीचे तर विचारूच नका. २०१७ च्या एप्रिलमध्ये टूसॉनच्या दक्षिणेला एका माणसाने, मुलगा होणार की मुलगी हे मित्रमंडळींना कळावे म्हणून, स्फोटक भरलेल्या निशाणावर गोळी झाडली. गवत पेटले आणि जवळजवळ ४७,००० एकर जळाले. त्यात राज्याची जमीन होती, केंद्राची होती, खाजगीही होती. ८० लाख डॉलरांहून अधिक भरपाई त्याच्यावर बसली. आग कुणाचा सातबारा पाहून पुढे सरकली नाही.

आणि विकत घेतलेले रान निरुपद्रवी असते असेही नाही. वायोमिंग राज्यात जुन्या रेल्वे-इनामांमुळे जमिनी बुद्धिबळाच्या पटासारख्या पडल्या आहेत. एक घर खाजगी, एक सरकारी. २०२१ साली काही शिकारी एका सरकारी घरातून दुसऱ्या सरकारी घरात, जिथे कोपऱ्याला कोपरा मिळतो तिथे शिडी लावून, खाजगी मातीला पाय न लावता उतरले. जमीनमालकाने लक्षावधी डॉलरांचा दावा लावला. का, तर ते त्याच्या हवेतून गेले! २०२५ साली तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. पण पाहा, एकाने आपले रान घेतले की दुसऱ्याची सामाईक वाट कशी अडते. बांध कोरण्यावरून भावाभावांत डोकी फुटलेली आपण पाहतो. तिथे हवेचाही बांध कोरला गेला.

तरी माझ्या मनातला खरा सल याहून वेगळा आहे. त्या घाणेरड्या माळावर त्या सकाळी काडतुसे वेचणारा एकच माणूस मी पाहिला. तो माझा भाऊ. आपली तर वेचलीच, दुसऱ्यांचीही मूठभर वेचली. तो उद्या आपल्या चाळीस एकरांत गेला, की त्या माळावर कोण उरेल? दूरदर्शन संच आणून टाकणारे. मग माळ आणखी घाण होईल आणि एक दिवस पाटी लागेल, नेमबाजीस सक्त मनाई. चांगली माणसे निघून गेली म्हणजे सामाईक वस्तूला वाली राहत नाही. उलट माणसे राहिली तर काय होते तेही दिसले आहे. २०२५ च्या जून महिन्यात पश्चिमेकडची लाखो एकर सरकारी जमीन विकायची तरतूद तिथल्या एका विधेयकात आली. तेव्हा शिकारी, मासे धरणारे, डोंगर चढणारे, एरवी एकमेकांची तोंडे न पाहणारे, सारे एकत्र ओरडले आणि ती तरतूद मागे घ्यावी लागली. ज्यांची पावले त्या रानाला लागली होती, तेच ओरडले.

इतके लिहून पत्र पुरे करावे, धाकट्याला चार उपदेशाचे शब्द सुनवावेत आणि सही नाकारावी, असे मनात आले. तेवढ्यात माझी मुलगी शाळेतून आली. तिच्या गळ्यात टाय होता.

वाचकहो, मी गावच्या शाळेत शिकवतो. पूर्वी पाटलाचा मुलगा आणि शेतमजुराचा मुलगा तिथे एका बाकावर बसत. मग तालुक्याला इंग्रजी शाळा निघाली आणि बस गावात येऊ लागली. प्रथम बागायतदारांची मुले गेली, मग दुकानदारांची. ज्यांचा आवाज कचेरीत ऐकला जाई ते सारे गेले, आणि आमच्या वर्गाचे छप्पर गळते हे सांगायला कुणी उरले नाही. सहा वर्षांपूर्वी त्याच बसमध्ये मी माझ्या मुलीलाही चढवले. ज्या शाळेत मी शिकवतो, ती मला माझ्या मुलीसाठी पुरेशी वाटली नाही. मीही माझे चाळीस एकर घेतलेच की! मग कोणत्या तोंडाने धाकट्याला सांगू, तू माळ सोडू नकोस?

आमच्या तालुक्यातले दाजीपूरचे जंगल एकेकाळी कोल्हापूरच्या राजेलोकांचे शिकारीचे राखीव रान होते. १९५८ साली ते गव्यांचे अभयारण्य झाले, आणि १९७२ च्या कायद्याने शिकारीच्या जुन्या षोकाला लगाम बसला. याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक आणले. तो नेम घडला तो दहाजणांबरोबर एका रांगेत उभे राहून, दुसऱ्याच्या शिटीवर बंदूक खाली ठेवण्याच्या शिस्तीत. नेमबाजीला स्वतःचे रान लागतेच असे नाही, हे धाकट्यालाही ठाऊक आहे. टूसॉनला तशी सार्वजनिक मैदाने आहेत. पण तिथे रांग लावावी लागते, आणि रांग लावणे हे आम्हां भावांना टिकल्यांच्या पिस्तुलापासूनच जड गेले आहे.

शेवटी मी सही केली. जमीन त्याची, ती अडवून धरण्याचा हक्क मला नाही. सोबत पत्र लिहिले. त्यात उपदेश केला नाही. शेळीची गोष्ट लिहिली, वडिलांचे शब्द लिहिले, माझ्या मुलीची बसही लिहिली. आणि एवढेच मागितले, की रान घेतलेस तरी महिन्यातला एक शनिवार त्या जुन्या माळावर पोते घेऊन जा. मीही इकडे छपराचा अर्ज घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढायला लागलो आहे. तीन अर्ज झाले. छप्पर अजून गळते.

परवा त्याचे उत्तर आले. लिहितो, "दादा, शनिवारी माळावर जाऊन आलो. पोती दोन नेली होती, दोन्ही भरली. दूरदर्शन संच एकट्याला उचलेना, तो तसाच आहे. पुढच्या खेपेला कुणाला तरी बरोबर नेतो."

रान घेतलेस का, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.