तात्पुरते

शीळफाट्यावर रस्ता बंद ठेवून रस्ता बांधता येत नाही. कल्याण, महापे, मुंब्रा, पनवेल अशा चार बाजूंची वाहने या टापूत एकमेकांत शिरतात. त्यांच्यामधूनच मेट्रोचे खांब वर येतात. काम करणाऱ्याला वाहनांची अडचण वाटते आणि वाहनातल्याला कामाची. वाट मात्र दोघेही एकाच सोयीची पाहत असतात.

नावात शीळ आहे. ऐकू येतो तो भोंगा.

इथून महाप्याकडे जाणाऱ्या बसमध्ये प्रोग्रॅम लिहून पोट भरणारे पुष्कळ असतात. त्यांच्या भाषाही चालू वाहतुकीतच दुरुस्त होतात. भाषा बदलणारा दूर कुठेतरी असतो. खोळंबणारा इथे असतो.

पायथन ही त्यांतली एक भाषा. गिडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ साली लोकांपुढे ठेवली. तिची तिसरी आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी निघाली. नव्या आवृत्त्या सहसा जुन्या लेखनाला सांभाळून घेतात. हिने तसे करायचे नाही असे ठरवले, आणि ते आधी सांगूनही टाकले. वचन मोडण्यापूर्वी तसे कळवणे हा सभ्यपणा आहे. त्यामुळे वचन मोडायचे राहत नाही.

बदल किरकोळ वाटावेत असे होते. जुन्या पायथनमध्ये तीनाला दोनाने भागले की एक येई. उरलेला अर्धा नाहीसा होई. त्याची नोंद नसे, तक्रारही नसे. नव्या पायथनमध्ये उत्तर दीड येते. हे शाळेतल्या मुलाला आधीपासून ठाऊक होते. पण मधल्या वर्षांत असंख्य हिशेब त्या हरवलेल्या अर्ध्यावर उभे राहिले होते. भागाकार बरोबर येऊ लागला आणि हिशेब चुकू लागले.

चूक जुनी झाली की तिला पाया म्हणतात. ती काढायला जाणारा इमारतीचा शत्रू ठरतो.

आणि हा बदल न सांगता आला नव्हता. २००१ सालीच भाषेने एक सोय करून ठेवली होती. फ्यूचर नावाच्या कप्प्यातून एका ओळीत नवा भागाकार मागवता येई. भविष्य सात वर्षे दाराशी उभे होते. ज्यांनी त्याला आत घेतले ते थोडे. बाकीच्यांनी सक्तीची वाट पाहिली. सक्ती आल्यावर ती अचानक आली असे म्हटले.

शाळेतला एक नियम मात्र नव्या आवृत्तीने मोडला. अर्धा आला की वरचा अंक धरायचा, हे सर्वांनी शिकलेले. जुन्या भाषेत अडीचचे तीन होत. नव्या भाषेत अडीचचे दोन होतात आणि साडेतीनचे चार. अर्धा नेहमी जवळच्या सम संख्येकडे जातो. प्रत्येक अर्धा वर ढकलला तर मोठ्या बेरजेत थोडी थोडी लबाडी साठत जाते. सम संख्येकडे नेला तर ती बहुतेक आपसांत फिटते. बेरजेला न्याय मिळतो. अडीचला विचारले तर ते वेगळे सांगेल. न्याय बेरजेत दिसतो. अन्याय एकेकट्याला दिसतो.

त्याहून मोलाचा बदल तुलनेचा आहे. जुनी भाषा कशाचीही कशाशी तुलना करू देई. संख्या आणि शब्द समोरासमोर ठेवले की ती न अडखळता सांगे, संख्या लहान. संख्या कितीही मोठी असली तरी लहानच. लेखकांना हा नियम आवडला असता. त्याला अर्थ काहीच नव्हता. उत्तर द्यायचेच, म्हणून दिलेले ते उत्तर होते. नवी भाषा अशा जागी थांबते आणि ही तुलना होत नाही असे कळवते. काम बंद पडते. लोक थांबणाऱ्यावर रागावतात. खोटे उत्तर देऊन पुढे जाणाऱ्यावर इतकी वर्षे कोणी रागावले नव्हते.

मराठीच्या वाट्याला आलेला बदल अक्षरांचा आहे. शीळ या शब्दात अक्षरे किती? पहिलीतले मूल दोन सांगते. जुन्या पायथनला तोच शब्द साधेपणी दिला तर ती नऊ सांगे. ती अक्षरे मोजतच नव्हती. साठवणीचे तुकडे मोजत होती, आणि आज रुळलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन तुकडे घेते. नवी पायथन तीन सांगते : श, वेलांटी, ळ. नवावरून तिनावर येणे ही प्रगती आहे. दोनापर्यंत पोहोचायचे अजून बाकी आहे.

शब्द उलटा करायला सांगितला की हे आणखी उघडे पडते. शीळचे ळीश होते. वेलांटी आपल्या अक्षराला सोडून शेजाऱ्याच्या अंगावर जाते. शीळफाटा उलटा केला तर शेवटचा काना सर्वांच्या पुढे येतो. टेकायला अक्षर नसते. मग पडद्यावर तो बहुधा एका तुटक वर्तुळाला धरून उभा राहतो. मराठी माणसाला वेलांटी अक्षराचे अंग वाटते. यंत्राच्या लेखी ती स्वतंत्र नागरिक आहे. कुटुंबाविषयीही अशीच दोन मते असतात.

नव्या आवृत्तीत देवनागरी नावेही चालतात. पगार, थकबाकी, शिल्लक असे लिहिले तर भाषा हरकत घेत नाही. अवतरणात घालून विचारले तर १२३ ही संख्याही ती ओळखते. अवतरणाबाहेर तोच आकडा तिला चालत नाही. जर, नाहीतर, जोवर, परत दे, हे सांगणारे शब्द तर इंग्रजीच राहिले. डोंबिवलीच्या लोकलमध्ये याच्या उलट ऐकू येते. तिथे नामे इंग्रजी असतात आणि क्रियापदे मराठी. मीटिंग ठेवली, रिपोर्ट पाठवला. माणसांशी बोलताना मराठी माणूस क्रिया आपल्याकडे ठेवतो. यंत्राशी बोलताना त्याच्याकडे फक्त नावे उरतात. तीही तो सहसा मराठीत ठेवत नाही. परवानगी मिळाल्यावर कळले की अडचण परवानगीची नव्हती.

जुनी आवृत्ती २०१५ साली थांबवायची असे आधी ठरले होते. लोक हलले नाहीत. मुदत २०२० पर्यंत वाढली.

याच वर्षांत मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर डोक्यावरच्या तारेतला प्रवाह बदलत होता. १,५०० व्होल्टचा डीसी जाऊन २५,००० व्होल्टचा एसी येत होता. मुंबईत विजेवरची पहिली गाडी धावली १९२५ साली. नव्वद वर्षांची सवय एका रात्रीत सुटत नाही. दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आधी आणाव्या लागल्या. मग तारा टप्प्याटप्प्याने बदलल्या. २०१५च्या जूनमध्ये मुख्य मार्गावरचा उरलेला डीसी गेला. तोवर, एक प्रवाह संपून दुसरा सुरू होई त्या जागी, डब्यातले दिवे क्षणभर जात. त्या अंधाराचे कारण बहुतेक प्रवाशांना ठाऊक नसे. तो कुठे येतो हे ठाऊक असे. तेवढ्यावर वर्तमानपत्राची घडी पुन्हा उघडता येते.

पायथनवाल्यांनीही अशीच गाडी बांधली. एकच लेखन दोन्ही भाषांत चालावे म्हणून एक लायब्ररी निघाली. तिचे नाव सिक्स. दोन गुणिले तीन, म्हणून सिक्स. दोन्हींवर चालणारी गाडी जड असते. दोन काळांत जगणारा माणूसही जड होतो. नव्यांना तो जुना वाटतो आणि जुन्यांना फितूर. संक्रमण त्याच्याच पाठीवरून पार पडते. ते पार पडल्यावर पहिल्याने त्यालाच रजा मिळते.

नवशिक्यांना यातले काही जाणवले नाही. त्यांनी थेट नव्या आवृत्तीपासूनच सुरुवात केली. शीळफाट्याखालीही अशी एक नवी वाट आहे. वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंत बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा होतो आहे. त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून. वरच्या रस्त्याशी त्याचे देणेघेणे नाही. ज्याला अजून प्रवासी नाहीत त्याला सरळ रेषा परवडते.

मराठीचीही आवृत्ती बदलली आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आले. १९७२ साली त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. कांहीं, नाहीं, तूं यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. घरच्या जुन्या पत्रांत ते राहिले. वाचताना कोणाचे अडले नाही. माणूस नको असलेले चिन्ह ओलांडून अर्थाकडे जातो. यंत्र एका स्वल्पविरामापाशी रात्रभर उभे राहते, आणि त्याच्यासोबत एक माणूसही.

मोडीचे तसे झाले नाही. तिचा आधारच सुटला. जुना दस्त निघाला की आज वाचणारा शोधावा लागतो. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली. माणसांनी सोडल्यावर यंत्राने ती घेतली.

२०१८ साली पायथनमध्ये एका चिन्हावरून वाद झाला. अपूर्णविराम आणि बरोबरचे चिन्ह जोडून एक नवे चिन्ह घ्यावे की नाही, एवढाच प्रश्न होता. वॉलरसच्या डोळ्यांसारखे आणि सुळ्यांसारखे दिसते म्हणून त्याला नावही वॉलरस पडले. व्हॅन रॉसम यांना त्या समूहात परोपकारी आजन्म हुकूमशहा म्हणत. चिन्ह त्यांनी मंजूर केले आणि जुलैमध्ये ते त्या पदावरून दूर झाले. पदवी विनोदाने दिली होती. राजीनामा विनोदाने दिलेला नव्हता. अनुस्वारापायी दशके घालवलेल्या भाषेला यात नवल वाटू नये. पुढच्या वर्षी चिन्ह भाषेत आले. आज ते वापरणाऱ्यांतल्या कित्येकांना वाद झाल्याचेही माहीत नसते.

त्याच २०१८ साली असिंक हा शब्द भाषेने स्वतःसाठी राखून घेतला. तोवर तो कोणालाही मोकळा होता. अनेकांनी आपल्या लेखनात तो साधे नाव म्हणून दिला होता. मुलाचे नाव ठेवावे आणि काही वर्षांनी ते सरकारजमा व्हावे, असे झाले.

काढून टाकण्यापूर्वी भाषा सूचना देते. मात्र २०१०च्या आवृत्तीपासून अशी सूचना आपण होऊन दिसेनाशी झाली. मागितली तर दिसे. वापरणाऱ्याला उगाच घाबरवू नये हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला होता. वाहतूक वळवल्याची जाहिरातही वर्तमानपत्रात येतेच, आणि फाट्यावर आलेला प्रत्येक जण ती वाचली नसल्याचे सांगतो. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये ३.१३ या आवृत्तीने एकोणीस जुने विभाग काढून टाकले. प्रस्तावात त्यांना संपलेल्या बॅटऱ्या म्हटले होते. त्यांतल्या काहींवर कोणाचे ना कोणाचे काम चालू होते. त्यांची गरज होती हे काही ठिकाणी ते गेल्यावरच समजले. कार्यालयांत माणसांविषयीही असेच समजते, थोडे उशिरा.

१ जानेवारी २०२० रोजी दुसऱ्या आवृत्तीची जबाबदारी संपली. तिचा शेवटचा अंक एप्रिलमध्ये निघाला. तेव्हा लोकल बंद होत्या. निरोपाला कोणी जाऊ शकले नसते, आणि कोणी निघालेही नव्हते. ती भाषा त्या दिवशी बंद पडली नाही. तिच्याकडे पाहणे बंद झाले. कुठे कुठे ती अजून चालते. कोणी पाहीनासे झाल्यावरही चालत राहणे वस्तूंना जमते. माणसांनाही बराच काळ जमते.

प्रोग्रॅममध्ये काही ओळी यंत्रासाठी नसतात. त्यांना कमेंट म्हणतात. मागून येणाऱ्या माणसासाठी त्या लिहायच्या. यंत्र त्या ओलांडून जाते. तरी जुन्या पायथनमध्ये तिथे एक देवनागरी अक्षर घातले की भाषा अडून बसे. फाइलीच्या डोक्यावर आधी लिपीची पद्धत जाहीर करावी लागे. जे यंत्राने वाचायचे नव्हते तेही यंत्राला चालेल असेच लिहावे लागे. म्हणून मराठी शेरे रोमन अक्षरांत लिहिले जात.

अशा एका फाइलीत, भागाकाराच्या ओळीवर, रोमन अक्षरांत एक शेरा होता : हे तात्पुरते आहे. शेजारी २०११ सालची तारीख आणि आद्याक्षरे. फाइल नव्या आवृत्तीत नेण्याची वेळ आली तेव्हा त्या आद्याक्षरांचा माणूस तिथे नव्हता. नव्या भाषेत जुने उत्तर हवे असेल तर भागाकाराला एकाऐवजी दोन तिरप्या रेघा द्याव्या लागतात. दुसरी रेघ देण्यात आली. अर्धा पूर्वीसारखाच नाहीसा होऊ लागला आणि पुढचे सगळे हिशेब जुळले. शेरा देवनागरीत करण्यात आला. तारीख तीच ठेवली.