पाणी कुणाच्या हातचं?

चंद्रपूर शहराची जन्मकथाच मुळी तहानेची आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा अंगावरच्या गाठी-फोडांनी हैराण झाला होता. शिकारीला निघाला असता त्याला तहान लागली. झरपट नदीचं पात्र कोरडं होतं, एका खळग्यात तेवढं पाणी दिसलं. राजा ते प्यायला, त्याने तोंड धुतलं. त्या रात्री त्याला कधी नव्हे ती गाढ झोप लागली आणि सकाळी राणीने पाहिलं तर फोड नाहीसे झालेले. पुढे शोध घेतल्यावर खडकात गाईच्या खुरांसारखे पाच ठसे सापडले, कितीही उपसलं तरी न आटणाऱ्या पाण्याने भरलेले. तिथे अचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं आणि राणीच्या सल्ल्याने राजाने आपली राजधानी या नदीकाठी वसवली.

इतिहासकार या दंतकथेला पुरावा मानणार नाहीत. श्रद्धेच्या अंगाने मात्र तिच्यात एक गोष्ट लख्ख आहे. पाणी राजाला सापडलं, पण ते राजवाड्यात गेलं नाही. ते देवाच्या स्वाधीन झालं. निदान कथेपुरतं तरी ते सगळ्यांचं झालं. आणि त्या कथेतलं तीर्थ हे पिण्याचंच पाणी होतं. पवित्र पाणी एक आणि प्यायचं पाणी दुसरं, असा भेद तिथे नव्हता.

तो भेद आता झाला आहे. चैत्रात झरपटच्या काठी महाकालीची यात्रा भरते. नांदेड-परभणीकडून, सगळ्या मराठवाड्यातून भाविक येतात, पोतराज येतात. चंद्रपूरचा पारा तेव्हा चाळिशी ओलांडून बराच पुढे गेलेला असतो. नदीत जलपर्णी आणि शहराचं सांडपाणी. देवीच्या नावाने त्या पाण्याला हात लावायचा, आणि घसा कोरडा पडला की दुकानातून सीलबंद बाटली घ्यायची. नदी पूजेपुरती उरली. ज्या पाण्याला माणूस हात जोडतो ते पिण्याची त्याला भीती वाटते, ही धर्माच्या दृष्टीने साधी गोष्ट नाही. पूजा चालू राहिली आणि जबाबदारी सुटली, असाच तिचा अर्थ निघतो.

घराघरात हीच फाळणी वेगळ्या रूपात दिसते. ओट्याशेजारी वीस लीटरची निळी कॅन, आणि नळाचं पाणी भांड्यांना, धुण्याला, आंघोळीला. पाहुणा आला की यजमान आवर्जून सांगतो, "फिल्टरचं आहे, घ्या." नळाचं पाणी पुढे करणं आता कमीपणाचं वाटतं. ज्यांच्या घरी कॅन येत नाही त्या घरची बाई पाहुण्याला पाणी देताना किंचित अवघडते. हे अवघडणं नवीन आहे, आणि पाण्यावरून माणसाला कमी लेखण्याचा या देशातला इतिहास पाहता ते दुर्लक्ष करण्याजोगं नाही.

अर्थात भीतीला कारण आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपलीकडे आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लीटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे सांधे आखडतात, कंबर वाकते. हे पाणी दिसायला स्वच्छ, चवीलाही बरं. उकळून उपयोग नाही; वाफ उडाली की उरलेल्या पाण्यात फ्लोराइड आणखी दाट होतं. तुरटी आणि चुन्याच्या मदतीने ते काढण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्याच 'नीरी' या संस्थेने विकसित केली, पण ती रोज नेमाने राबवायला माणूस लागतो. अशा गावात आरओ यंत्राचं पाणी विकत घेणाऱ्या आईला समाईक नळाचं तत्त्वज्ञान सांगणं हा निव्वळ अन्याय होईल. तिच्यापुरता प्रश्न सुटलेला आहे: लेकराला विष नको.

प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा. ज्यांच्या नळाला धरणाचं, शुद्धीकरण केंद्रातून आलेलं पाणी येतं आणि तरीही ज्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आहे, त्यांचा.

बाटली ही शुद्धतेची हमी आहे, हा समज पुन्हा तपासून पाहण्यासारखा आहे. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया आणि रटगर्स विद्यापीठांच्या संशोधकांनी बाटलीबंद पाण्यात लीटरमागे सरासरी सुमारे 2 लाख 40 हजार प्लास्टिकचे कण मोजले, बहुतेक डोळ्याला दिसणं अशक्य इतके बारीक. त्यांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो हे अजून ठरायचं आहे. आपल्याकडे सीलबंद बाटलीला निदान मानक आहे, परवाना आहे. गावोगाव टेम्पोतून फिरणाऱ्या, सील नसलेल्या थंड जारच्या बाबतीत मात्र विकणाऱ्याच्या शब्दापलीकडे गिऱ्हाइकाच्या हाती काही नसतं. जार कधी धुतला, पाणी कुठल्या बोअरचं, कोण विचारतो? आणि तेच गिऱ्हाईक नळाला गढूळ पाणी आलं तर नगरसेवकाला फोन करतं. समाईक पाण्याला जाब विचारता येतो. विकतच्या पाण्याचा फक्त दुकानदार बदलता येतो.

पण शुद्धतेचा प्रश्न या देशात कधीच फक्त जंतूंचा नव्हता. 1923 साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले, 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसं बरोबर घेऊन तिथे जावं लागलं, ओंजळभर पाण्यासाठी. त्यानंतर सवर्णांनी ते तळं मंत्र आणि पंचगव्य वापरून 'शुद्ध' करून घेतलं. तळ्याच्या हक्काचा खटला चालला तो थेट 1937 पर्यंत, तेव्हा उच्च न्यायालयाने म्हटलं की तळ्यावर फक्त सवर्णांचा हक्क असल्याची अनादी रूढी सिद्ध झालेली नाही. गाई-म्हशींना चालणारं तळं माणसाच्या स्पर्शाने बाटतं, हे ज्यांना पटत होतं त्यांनाही पाण्याची 'शुद्धता'च हवी होती. तो शब्द कुणाच्या तोंडी आहे हे पाहूनच त्यावर विश्वास ठेवावा.

चंद्रपूरला ही गोष्ट परकी नाही. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत इथल्या दीक्षाभूमीवर माणसांचा पूर येतो. त्या गर्दीतल्या कित्येकांच्या आजी-आजोबांनी विहिरीपासून लांब उभं राहून, वरून कुणीतरी ओतेल तेव्हा पाणी घेतलेलं आहे.

म्हणून बाटलीच्या बाजूचा सगळ्यात मोठा युक्तिवाद इथूनच निघतो आणि तो प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. सीलबंद बाटली जात विचारत नाही. वीस रुपये काउंटरवर ठेवले की ती पाटलाला आणि मजुराला सारखीच मिळते. कुणी वरून ओतत नाही, कुणी ओंजळ धरायला लावत नाही. रेल्वे फलाटांवर एके काळी हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी अशी वेगळी सोय असे. बाटलीने तो प्रश्नच पुसून टाकला. ज्याला पाणवठ्यावर अपमानच मिळाला, त्याला दुकानातली बाटली ही सुटका वाटली तर त्यात चूक काय?

चूक काहीच नाही. पण महाडला लोक गेले ते फक्त तहान भागवायला नव्हे. तहान तर इतर पाण्यानेही भागली असती. ते गेले तळ्यावरचा हक्क सांगायला, आम्हीही या गावाचे आहोत हे सांगायला. बाटली तहान भागवते आणि हा हक्क बाजूला ठेवते. तिने जातीची पायरी काढली आणि तिच्या जागी पैशाची ठेवली. वीस रुपये नसलेला माणूस पुन्हा लांबच उभा आहे.

वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांनी 1950च्या सुमारास मूठभर कुष्ठरोग्यांसह काम सुरू केलं तेव्हा माळरानावर आधी विहीर खोदावी लागली. पुढे तिथे भाजीपाला पिकू लागला, पण सुरुवातीला आजूबाजूचे लोक तो घ्यायला तयार नव्हते. देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक तिथे येऊन राहिले, तिथलं अन्न जेवले, तिथलं पाणी प्यायले, तेव्हा ही भीती हळूहळू सरली. ज्याला न पिण्याची मुभा होती त्याने पेला तोंडाला लावला, म्हणून इतरांचा विश्वास बसला. बाटलीच्या वादात हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे: ज्याला निवड आहे त्याने काय करावं?

गडचिरोलीत गेलं की निवड या शब्दाचं वजनच बदलतं. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्या भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने तालुका जगापासून तुटतो. पाणी अफाट, पण प्यायचं पाणी उन्हाळ्यात दूर. आतल्या पाड्यांतल्या माडिया बाया नदीच्या रेतीत खड्डा करतात, झिरपून येणारं पाणी स्थिरावू देतात आणि वाटीवाटीने गुंड भरतात. वाटी खोल बुडवायची नाही, नाहीतर तळची रेती उठते. एक गुंड भरायला किती वेळ जातो हे ज्याने पाहिलंय तो पेला अर्धवट टाकून उठणार नाही. काही गावांत आता सौर दुहेरी पंप आहेत: ऊन असलं की टाकी भरते, नसलं की त्याच बोरिंगचा दांडा हाताने मारायचा. आणि एखाद्या दौऱ्याच्या दिवशी साहेबांच्या टेबलावर शहरातून आलेल्या सीलबंद बाटल्यांची रांग असते. गावाला तो अपमान वाटला तरी गाव बोलत नाही. त्या टेबलावर बसून गावच्या पाणीपुरवठ्याचा आढावा घेतला जातो, हे खरोखर दुःखाचं आहे.

मराठी माणसाच्या धर्मात पाणी ही द्यायची वस्तू आहे. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला कुंभ दान करतात, वैशाखात रस्त्याकडेला पाणपोई घालतात, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या रांजणांवर लाकडी झाकण आणि लांब दांड्याचा डाव. विदर्भातल्याच ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंच्या चरित्रात, तेराव्या शतकातल्या गोष्टीत, मातंगांना पाणी नाही म्हणून त्यांच्यासाठी विहीर करवल्याची लीळा आहे. संताच्या चरित्रात चमत्कारांच्या बरोबरीने एक विहीर नोंदली जाते, कारण पाणी नसलेल्याला पाणी मिळवून देणं हेही देवपणाचंच काम मानलं गेलं. कायद्याची वाट मात्र वेगळी. 1882च्या सुखाधिकार कायद्याच्या आधाराने आपल्या जमिनीखालचं पाणी उपसणं हा जमीनमालकाचा हक्क समजला गेला. त्यामुळे एका प्लॉटवर खोल बोअर मारून आख्ख्या वस्तीचं पाणी खेचता येतं आणि मग त्याच वस्तीला ते जारने विकता येतं. पाण्याला भिंत नसते हे शेतकऱ्याला कळतं, कायद्याला अजून पुरतं कळायचं आहे.

मग बाटली घेणं पाप आहे का? प्रवासात, आजारपणात, फ्लोराइडच्या गावात अजिबात नाही. पाप या शब्दाने इथे काही साधणारही नाही. पण सुखवस्तू घरांनी नळ सोडला की नळामागचा आवाजच जातो. पाण्याला वास आला, पाइप गटारातून गेला, चार दिवस पाणी आलं नाही, यावर ओरडणारे शिक्षक, वकील, व्यापारी कॅनचं पाणी पीत असतील तर तक्रार करायला उरतात ते ज्यांचं कार्यालयात कुणी ऐकत नाही. सुखवस्तू घरांनी सोडलेल्या सरकारी शाळांचं जे झालं तेच पाण्याचं होत आहे.

आणि हे टाळता येण्यासारखं आहे, कारण साधनं गावातच आहेत. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना पाण्याच्या जोखमीनुसार लाल, पिवळं, हिरवं कार्ड दिलं जातं, सलग पाच वर्षं हिरवं राखणाऱ्यांना चंदेरी. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या पेटीचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का हे ओटी टेस्टने दोन मिनिटांत कळतं: थेंब टाकला आणि पाणी पिवळं झालं तर आहे, रंगहीनच राहिलं तर क्लोरीन उरलेलं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने सगळ्यांची सहमती झाल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही, ही शिस्त पाळून 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तसंच प्रत्येक ग्रामसभेत, शहरातल्या प्रत्येक प्रभागात, दर महिन्याला पाण्याचा अहवाल वाचून दाखवायला लावता येईल. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, शेवटची तपासणी कधी झाली, फ्लोराइड किती निघालं, हे विचारायला पैसे लागत नाहीत. विचारणाऱ्यांत कॅन घेणाऱ्या घरांतली माणसंही असली पाहिजेत, आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांनी उठता कामा नये.