षड्ज कुठे असतो?

‘दोस्ती’ (1964) चित्रपटात राहुल देव बर्मन यांनी वाजवलेल्या माउथऑर्गनचा साधा, दहा छिद्रांचा प्रकार एकाच पट्टीत बांधलेला असतो. सी पट्टीच्या वाद्यावर सी षड्ज मानला तर बिलावल थाट मिळतो. जी मानला तर खमाज, डीवर काफी, ईवर भैरवी. नाट्यशास्त्रातील मूर्च्छनांचे तत्त्व हेच. मग सुराला स्वतःचा स्वभाव असतो की तो केवळ नात्यातून येतो? एकच षड्ज टिकून असेपर्यंत दुसरे उत्तर पुरेसे वाटते. कॉर्ड बदलू लागल्या की मात्र ते अपुरे पडते. सीनंतर ई-सेव्हन आली की जी-शार्प लागतो, आणि त्याची रीडच नसते. तिसऱ्या छिद्रातून श्वास आत ओढताना जीभ मागे घेत बी दीड स्वर खाली वाकवला, तर तो सापडतो. तिथे सुराची जागा वाद्य ठरवत नाही, वादकाचा कान ठरवतो.