शिलोहाचा बुरूज आणि आपले माळवद



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि सोलापूर जिल्हाही हादरला. ‘देवाची शिक्षा’, असे आपल्यातलेही काही म्हणाले. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, हे प्रभू येशूने स्पष्ट सांगितले आहे (लूक १३:४). किल्लारीत माणसे चिरडली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली, जड माळवदांखाली.

२०२२ मध्ये नासाने प्रयोग म्हणून यान आदळवून डिमॉर्फॉस या लघुग्रहाची कक्षा बदलली. लोणारचे विवर पाडणारा दगड असाच आकाशातून आला होता. तो आधीच वळवू पाहणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. होटगीत बसून आपण लघुग्रह वळवणार नाही, हे खरे. पण माळवदाखाली एकटी निजणारी म्हातारी माणसे आपल्या ओळखीची आहेत. पावसाळ्याआधी त्यांच्या भिंती कोण पाहून येणार?