नाव कुणाचं घालू?

आमच्या शिबिर केंद्राचं पावतीपुस्तक माझ्या ताब्यात असतं. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला खजिनदार करायचं, हा आपल्याकडचा रिवाजच आहे. दिवाळीच्या सुट्टीत पथनाट्याचं निवासी शिबिर झालं. त्याला जोडून मुलींसाठी नेतृत्व शिबिर घेतलं: ग्रामसभेत उभं राहून प्रश्न कसा विचारायचा, इतिवृत्त कसं वाचायचं, ठरावाला अनुमोदन कसं द्यायचं. पोरं ढोलकी घेऊन वाड्यावाड्यांतून फिरत होती, आणि मी देणगीदारांना फोन लावत होते.

समारोपाला जवळच्या वाडीतल्या एक आजी आल्या. पिशवीतून पुरचुंडी काढली, पाच हजार मोजून ठेवले. म्हणाल्या, "नाव नको घालूस बाय. नाव घातलं की पुण्य गेलं."

"आजी, नावाशिवाय पावती फाडता येत नाही."

"मग देवाचं घाल."

देवाचं घातलं असतं तर ऑडिटरने मला देवाच्याच दारात नेऊन बसवलं असतं. धर्मादाय संस्थेकडे नावपत्ता नसलेल्या देणग्या आल्या, तर एकूण देणग्यांच्या 5 टक्के किंवा 1 लाख रुपये, यांतली जी रक्कम मोठी असेल तिच्यावरच्या रकमेला 30 टक्के कर लागतो. हा कर 2006 च्या वित्त कायद्याने आला. निव्वळ धार्मिक न्यासाला मात्र तो लागू नाही. देवळाच्या दानपेटीत गुपचूप टाकलेली नोट चालते, पोरांच्या शिबिराला तशीच दिली तर हिशेब द्या. काळा पैसा रोखायचा म्हणून हे केलं हे कळतं, पण मनाला पटत नाही.

आजींचं म्हणणं तर गीतेच्या सतराव्या अध्यायातलंच. परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं दान सात्त्विक, फळावर डोळा ठेवून दिलेलं राजस. पण हा सगळा तोलमोल देणाऱ्याच्या मनाचा. घेणारा पात्र असावा इतकं सांगून झालं की त्याचा विषय संपतो. दान घेतल्यावर त्याचं काय होतं?

हे सुचायला कारण घडलं. एका बांधकाम व्यावसायिकाने आमच्या उघड्या रंगमंचावर पत्र्याची शेड घालून द्यायची तयारी दाखवली. वडिलांच्या नावाची पाटी लावा, एवढीच अट. यात वावगं काहीच नाही. पण पोरांनी बसवलेलं नाटक होतं जमिनीच्या दलालांवर. दलाल झालेल्या मुलाने डब्याच्या झाकणाचं सोनेरी कडं करून मनगटात अडकवलं होतं आणि सातबारा हातात घेऊन तो असा काही वारा घेत होता की बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बैठकीत आमचेच एक सभासद हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी विषय जरा बदलू या का?" त्या व्यावसायिकाने नाटकाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मिंधे आम्ही आपणहून झालो होतो, तेही शेडचा एक पत्रा चढण्याआधी.

मला अशा वेळी 'लग्नाची बेडी' आठवतं. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले अशा मंडळींनी अत्र्यांच्या या नाटकाचे प्रयोग सामाजिक कृतज्ञता निधीसाठी केले. बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर त्यामागे होते. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून तो निधी. निळूभाऊ स्वतः राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले. कार्यकर्त्याच्या घरची चूल त्यांना माहीत होती. प्रेक्षकांनी तिकिटं काढली, पोटभर हसले, घरी गेले. पैशाच्या बदल्यात करमणूक घेतली, म्हणजे काटेकोर बघितलं तर हे दान राजसच, किंबहुना दानच नव्हे. तरी त्या पैशावर जगणारा कार्यकर्ता कुणा एकाचा मिंधा झाला नाही. सात्त्विक दानाने घेणाऱ्याला एवढं मोकळं ठेवलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

पाटीचा निर्णय अजून झालेला नाही. माझं मत विरोधात आहे आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलंय. तालुक्याच्या सभागृहात पन्नास रुपये तिकीट लावून प्रयोग करायचं मात्र ठरलं. आजींना म्हटलं, तुमच्या पैशांची शंभर तिकिटं घ्या, तिकिटावर नाव घालावं लागत नाही.

"मी एकटी शंभर खुर्च्यांवर बसू कशी?" आजी म्हणाल्या. "आणि वाडीला आणायचं तर टेम्पोचं भाडं कोण देणार, तू?"