बर्फातल्या माणसांची साक्ष

२०२५मध्ये अमेरिकेने ग्रीनलंडच्या ताब्याचा वाद पुन्हा उकरून काढला, तेव्हा आपल्याकडच्या चर्चांतही एक प्रश्न सहज विचारला गेला : तिथे राहतंच कोण? राहतात छप्पन-सत्तावन्न हजार माणसं, बहुतेक तिथले मूळनिवासी इनुइट. पण हे उत्तर पुरेसं नाही. उत्तरेचा बर्फ म्हणजे युरोपीय दर्यावर्दींच्या शौर्याचं मोकळं मैदान, ही समजूत त्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. माझं भांडण तिच्याशी आहे, आणि भांडायचं तर इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सशी भांडावं.

१८४५मध्ये सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही जहाजं घेऊन वायव्य सागरी मार्ग शोधायला निघाले. १२९ माणसं कायमची हरवली. १८५४मध्ये हडसन्स बे कंपनीतला डॉक्टर जॉन रे याला इनुइटांकडून हकिगत कळली : उपासमारीने मरताना त्या गोऱ्यांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं होतं. मोहिमेतले चांदीचे काटे-चमचे रेने त्यांच्याकडून विकत घेतले.

डिकन्सने त्याच वर्षी डिसेंबरात ‘हाउसहोल्ड वर्ड्स’मध्ये हे सारं फेटाळलं. इंग्रज खलाशी असं करणार नाहीत. उलट कपटी, लोभी रानटी लोकांनीच त्यांना मारलं नसेल कशावरून? तरीही त्याचा एक आक्षेप वजनदार आहे. रे त्या जागी गेला नव्हता. सांगणाऱ्यांनीही प्रेतं पाहिली नव्हती, त्यांनी दुसऱ्यांकडून ऐकलं होतं, आणि तेही दुभाष्यामार्फत रेपर्यंत आलं. कोणतंही न्यायालय इथे थबकेल. रेचं उत्तर डिकन्सने आपल्याच साप्ताहिकात छापलं, हेही त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. पण खलाशांच्या संयमासाठी त्याने दाखले दिले ते जहाजबुडीच्या जुन्या वृत्तांतांचे. ते जहाजबुडीतून बचावून परतलेल्या गोऱ्यांनीच लिहिले होते. स्वतःविषयी स्वतःच दिलेली ही साक्ष त्याला चालली. इनुइटांना मात्र त्याने आधी आरोपी केलं, मग खोटं ठरवलं.

१९९७मध्ये किंग विल्यम बेटावर सापडलेल्या, फ्रँकलिनच्या माणसांच्या हाडांवर सुरीचे घाव असल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०२४मध्ये असाच घाव असलेला एक जबडा डीएनएवरून ‘एरेबस’चा कप्तान जेम्स फिट्सजेम्स याचा ठरला. ‘एरेबस’ २०१४मध्ये सापडलं, तेही इनुइट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेल्या भागात. ‘टेरर’ २०१६मध्ये सापडलं ते सॅमी कोगविक या इनुइट माणसाने दाखवलेल्या उपसागरात.

मात्र इथेच थांबलो, तर डिकन्सचंच न्यायालय मी मान्य केल्यासारखं होईल. हाडं सापडली नसती तर ती इनुइट माणसं खोटी ठरली असती का? आणि त्यांना जे विचारलं गेलं, ते फक्त गोऱ्यांच्या मरणाविषयी. त्यांच्या जगण्याविषयी आस्थेने विचारणारे रेसारखे थोडेच. तो बर्फाच्या घरांत राहिला, शिकार करत फिरला. त्या घरात झोपायचा ओटा दारापेक्षा उंच असतो, म्हणून गार हवा खाली साचते. सीलच्या चरबीचा दिवा बायका सांभाळतात. कॅरिबूच्या कातड्याचे दोन पदर, आतल्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची बाहेर, आणि दोन्ही सैल, म्हणजे घाम आत गोठत नाही. सील आणि व्हेलचं कच्चं मांस, कातडी खाल्ल्याने स्कर्व्ही टळतो.

उत्तरेच्या बर्फाकडे आपल्याकडेही असंच पाहिलं गेलं. आपल्या लोकमान्य टिळकांनी १९०३मध्ये ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ प्रसिद्ध करून वेदकाळच्या आर्यांचं घर उत्तर ध्रुवाच्या प्रदेशात मांडलं. माझ्या मनात त्या बुद्धीविषयी आदर आहे. पण त्या ग्रंथात हिमयुगापूर्वी तिथली हवा सौम्य असावी लागते आणि बर्फ आल्यावर माणसांना निघावंच लागतं. बर्फातच घर असू शकतं, ही शक्यता त्या मांडणीला नकोच होती. त्याच वर्षी नॉर्वेचा दर्यावर्दी रोआल्ड आमुंडसेन किंग विल्यम बेटावर पोचला. तिथे दोन हिवाळे राहून तो नेट्सिलिक इनुइटांकडून कातड्याचा पोशाख वापरायला आणि कुत्र्यांच्या गाड्या हाकायला शिकला. १९११च्या डिसेंबरात तो दक्षिण ध्रुवावर होता.

हे ज्ञान रक्तात येत नाही, त्या त्या जागी शिकावं लागतं. १९५३मध्ये कॅनडा सरकारने क्वेबेकमधल्या इनुक्जुआकची कुटुंबं सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला, ग्रीस फ्योर्ड आणि रेझोल्यूटला नेऊन सोडली. इनुइट आहेत, कुठेही जगतील, हा हिशेब. महिनोन्‌महिने न उगवणारा सूर्य त्यांनी कधी पाहिला नव्हता, शिकारही निराळी होती. शिकवायला पाँड इनलेटची कुटुंबं सोबत पाठवावी लागली. दोन वर्षांनी हवं तर परत आणू, हे वचन पाळलं गेलं नाही. सरकारने माफी मागितली ती २०१०मध्ये.